कॉग्निटिव्ह रेडिओचा प्रोजेक्ट घेऊ का?

प्रश्न : मी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षाला कॉग्निटिव्ह रेडिओवर (रिकामी फ्रिक्वेन्सी स्वतः शोधून वापरणारा रेडिओ) प्रोजेक्ट करायचा विचार आहे. पण या नावाने नोकरीची जाहिरात कुठे दिसत नाही. बाबा म्हणतात, सरळ आयटीकडे वळ. काय करू?

उत्तर : प्रोजेक्ट जरूर घे, फक्त मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमधले आलेख काढून थांबू नकोस. नोकरी शोधताना आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) सिस्टीम्स, फिजिकल लेयर (प्रत्यक्ष सिग्नल पाठवण्या-घेण्याचा थर), एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ), स्पेक्ट्रम इंजिनिअर हे शब्द टाकून बघ. काम तिथे आहे.

आधी या क्षेत्राचं काय झालं ते समजून घे. १९९९च्या सुमारास कल्पना अशी होती की रेडिओने स्वतः ऐकावं, रिकामी फ्रिक्वेन्सी हेरावी आणि मूळ परवानाधारक आला की बाजूला व्हावं. अडलं ते ऐकण्यापाशी. रिकाम्या टीव्ही चॅनेलवरच्या ब्रॉडबँडसाठीच्या २०११च्या ८०२.२२ मानकात डिजिटल टीव्हीचा सिग्नल -११४ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा जितका उणे तितका सिग्नल क्षीण) ओळखायची अपेक्षा आहे. ६ मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलमध्ये नुसता औष्णिक नॉइजच (उष्णतेमुळे होणारा खरखराट) -१०६ डीबीएमच्या आसपास असतो, म्हणजे सिग्नल नॉइजखाली गाडलेला. त्यात नॉइजच्या पातळीचा अंदाज १ डीबी वरखाली झाला, तर फक्त ऊर्जा मोजणारा साधा एनर्जी डिटेक्टर -३.३ डीबी एसएनआरच्या (सिग्नल आणि नॉइजच्या गुणोत्तराच्या) खाली आंधळा होतो, मग कितीही वेळ ऐका. म्हणून अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०१०मध्ये टीव्ही व्हाइट स्पेससाठी, म्हणजे रिकाम्या टीव्ही चॅनेलसाठी, सेन्सिंगची (स्वतः ऐकून तपासण्याची) सक्ती काढली आणि कुठे कोणता चॅनेल रिकामा आहे याच्या डेटाबेसवर भर दिला. तिथल्या ३५५०-३७०० मेगाहर्ट्‌झच्या सीबीआरएस या सामायिक पट्ट्यात नौदलाची रडार टिपायला किनाऱ्यावर वेगळे सेन्सर आहेत. वाटपाचा निर्णय एसएएस हा सर्व्हर घेतो. त्याने सांगितल्यावर बेस स्टेशनने ६० सेकंदांत प्रक्षेपण थांबवायचं असतं. त्यामुळे रेडिओइतकंच काम सर्व्हर, प्रोटोकॉल आणि प्रोपगेशन मॉडेलचं (सिग्नल कुठवर पोचेल याच्या हिशोबाचं) आहे. बाबांना हे जरूर सांग, कारण त्यातलं निम्मं सॉफ्टवेअरच आहे.

आपल्याकडे आयआयटी मुंबईने पालघरच्या गावांत ४७०-५९० मेगाहर्ट्‌झच्या रिकाम्या टीव्ही चॅनेलवरून ब्रॉडबँड नेण्याच्या चाचण्या केल्या आहेत. ते शोधनिबंध काढून वाच.

प्रोजेक्टसाठी एफएमचा ८८-१०८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा घे, कारण तिथे खरं काय आहे ते कानाने तपासता येतं. आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत लावायचा रिसीव्हर) आणि जीएनयू रेडिओ हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे. सॅम्पल रेट सेकंदाला २.४ मेगासॅम्पल ठेव. १०२४ बिंदूंच्या एफएफटीत (सिग्नल फ्रिक्वेन्सींत विभागणाऱ्या गणितात) एक बिन, म्हणजे एक कप्पा, सुमारे २.३ किलोहर्ट्‌झचा, म्हणजे २०० किलोहर्ट्‌झच्या चॅनेलला साधारण ८५ बिन. एजीसी (गेन आपोआप बदलणारी सोय) बंद करून गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, एकाच आकड्यावर ठेव, नाहीतर थ्रेशोल्डला (सिग्नल आहे की नाही ठरवणाऱ्या मर्यादेला) अर्थ राहत नाही. अँटेना काढून तिथे ५० ओहमचा टर्मिनेटर (अँटेनाऐवजी लावायचा रोध) लाव आणि डोंगल तापून स्थिरावल्यावरच नॉइज मोज. मधोमध दिसणारा टोकदार काटा डीसीचा, म्हणजे डोंगलच्याच सर्किटचा असतो, स्टेशनचा नव्हे. ट्यूनिंग थोडं बाजूला सरकव.

मग तेच मोजमाप गच्चीवर, खोलीत आणि जिन्याखाली कर. गच्चीवर व्यापलेला चॅनेल जिन्याखाली रिकामा दिसेल. हाच हिडन नोडचा प्रश्न. इथे प्रक्षेपण झालं, तर बाहेर स्टेशन ऐकणाऱ्याला त्रास होतो आणि तुझ्या रेडिओला पत्ताही लागत नाही. तिन्ही जागांचे निकाल एकत्र करून चुकीचे इशारे आणि निसटलेली स्टेशनं यांचं प्रमाण मांड. मुलाखतीत यावरच खरे प्रश्न येतात. मशीन लर्निंग यानंतर जोड. नुसत्या सिम्युलेशनच्या डेटावर शिकवलेलं मॉडेल खऱ्या डोंगलपुढे बहुधा कोलमडतं, कारण त्याने डीसीचा काटा किंवा जवळच्या चार्जरचा खरखराट कधी पाहिलेलाच नसतो.

अभ्यासात प्रोबॅबिलिटी आणि रँडम प्रोसेस पक्कं कर, सोबत पायथन आणि सी++. संशोधनाकडे जायचं असेल तर गेटचा ईसी पेपर दे आणि कम्युनिकेशनमध्ये एमटेक कर. फिजिकल लेयरच्या बऱ्याच जागांना ते लागतं.

एक गोष्ट मात्र सांभाळ. आरटीएल-एसडीआर फक्त ऐकतो. प्रक्षेपण करणारा एसडीआर कॉलेजच्या लॅबमध्ये असला, तरी डब्ल्यूपीसी या केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाच्या परवान्याशिवाय एफएम किंवा टीव्हीच्या पट्ट्यात तो चालवू नकोस. चाचणी केबल आणि अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) लावूनच कर. थेट जोडलंस तर रिसीव्हरचं पुढचं टोक जळू शकतं.