वाचकांचे प्रश्न : जुन्या बेस गिटारीचे साल आणि मोल

प्रश्न : माझे चुलते साठच्या दशकात मुंबईतील हॉटेलांच्या वाद्यवृंदांत बेस वाजवीत असत. त्यांच्या पश्चात घराच्या माळ्यावर त्यांची बेस गिटार सापडली. हेडस्टॉकवर (तारांच्या खुंट्या असलेल्या टोकावर) ‘फेंडर प्रिसिजन बेस’ असे आहे आणि मागच्या धातूच्या पट्टीवरील क्रमांक ‘एल’ अक्षराने सुरू होतो. रंग हिरवट निळा आहे. मात्र कडेचा रंग उडाला आहे तेथे खाली पिवळा दिसतो. एका खरेदीदाराने ‘ही नंतर रंगवलेली आहे’ असे सांगून फारच कमी रक्कम देऊ केली. ती कोणत्या सालची असेल? किंमत किती यावी? विकण्यापूर्वी पॉलिश करून घ्यावे का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर नुकसान भरून येणार नाही. पॉलिश, रंग, नवे स्क्रू, यांपैकी काहीही करू नका. संग्राहक पैसे मोजतात ते मूळ अवस्थेसाठी. पुन्हा रंगवलेल्या वाद्याला, रंगकाम कितीही सुबक असले तरी, साधारणपणे निम्मीच किंमत येते.

‘एल’ने सुरू होणारे क्रमांक 1962 च्या अखेरीपासून 1965 पर्यंतचे आहेत. परंतु क्रमांकाच्या या धातूच्या पट्ट्या फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीच्या कारखान्यात क्रमाने वापरल्या जात नसत, शिवाय चार स्क्रू काढले की पट्टी सहज बदलता येते, म्हणून केवळ क्रमांकावर विसंबू नये. तारा पूर्ण सैल करून जाणकार दुरुस्तीकाराकडून नेक, म्हणजे गिटारीची लांब मान, उतरवून घ्या. खाऱ्या हवेत गंजलेल्या स्क्रूंवर चुकीच्या मापाचा स्क्रू-ड्रायव्हर चालवला तर त्यांची डोकी झिजतात. नेकच्या बॉडीत बसणाऱ्या टोकावर महिना व सालाचा शिक्का असतो. त्यातला पहिला आकडा अनेक जण तारीख समजतात, पण तो मॉडेलचा अंक आहे. पिकगार्डखालच्या (बॉडीवरील संरक्षक पत्र्याखालच्या) दोन्ही पॉटवर, म्हणजे आवाज व टोन कमीजास्त करणाऱ्या बटणांच्या भागांवर, सात अंक कोरलेले असतील : 304 6320 याचा अर्थ स्टॅकपोल कंपनीचा पॉट, 1963 सालचा विसावा आठवडा. पॉटचे साल नेकच्या सालाहून थोडे आधीचे असावे. बरेच नंतरचे निघाले तर पॉट बदलला आहे असे समजा. डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेल्या जुन्या सांध्यांना मात्र हात लावू नका, केवळ जवळून छायाचित्रे घ्या.

आता रंगाविषयी, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. खालचा पिवळा रंग दिसला म्हणजे वाद्य नंतर रंगवले, हा निष्कर्ष घाईचा आहे. त्या काळी फेंडरच्या कारखान्यात काही वेळा सनबर्स्ट (कडेला गडद, मध्ये उजळ होत जाणारी रंगछटा) केलेल्या बॉडीवरच मागणीचा, म्हणजे ग्राहकाने मागितलेला खास, रंग चढवला जाई, आणि सनबर्स्टचा मधला भाग पिवळाच असतो. हिरवट छटेचेही कारण आहे : वरचा पारदर्शक नायट्रोसेल्युलोज लॅकर वर्षांगणिक पिवळा पडतो आणि निळ्यावर पिवळे आले की डोळ्याला हिरवे दिसते. पिकगार्ड उचलून पाहा. प्रकाशापासून झाकलेल्या त्या जागी स्वच्छ निळा असेल आणि पिकअपच्या (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकीय भागाच्या) खाचेतही रंगाचे थर त्याच क्रमाने दिसत असतील, तर कारखान्याच्या रंगाची शक्यता बळावते. आणि मूळ मागणीचा रंग असलेले वाद्य नेहमीच्या सनबर्स्टपेक्षा महाग जाते.

1965 च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली. त्याआधीच्या वाद्यांना संग्राहकांत विशेष मान आहे, म्हणून शिक्क्यावरचे साल थेट किमतीत उतरते. किमतीचा आकडा मी छायाचित्रांशिवाय देणार नाही, आणि तसा देणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नये. तुलना करताना विक्रेत्यांनी मागितलेल्या नव्हे, प्रत्यक्ष विक्री झालेल्या किमती पाहा. व्यापारी स्वतः विकत घेताना त्याहून बरेच कमी देतो, हेही गृहीत धरा. मूळ पेटी, पट्टा, तसेच ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग) आणि पिकअप यांवरची क्रोमची झाकणे माळ्यावर पुन्हा शोधा. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा चिकटलेला असेल तर तो ओल धरून ठेवतो आणि ब्रिज गंजवतो. तो फेकू नका, फक्त वेगळा काढून कोरड्या पाकिटात जपा. पावसाळ्यात पेटी बंद ठेवून विसरू नका, अस्तराला बुरशी लागते.

परदेशी ग्राहक मिळाला तर एक अट लक्षात ठेवा. त्या काळच्या फ्रेटबोर्डांना (नेकवर बोटे दाबतात त्या पट्टीला) बहुधा ब्राझिलियन रोझवूड वापरलेले असे आणि ते लाकूड 1992 पासून साइट्स या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे. परवान्यांची चौकशी पूर्ण होईपर्यंत आगाऊ रक्कम स्वीकारू नये.