पिस्ता, पोपटी आणि हळदीचं गोत्र

प्रश्न असा आहे: खोलीसाठी दोन ‘फेंट ग्रीन’, म्हणजे फिकट हिरवे, रंग निवडलेत, घरात एकाला ‘पिस्ता’ म्हणतात, दुसऱ्याला ‘पोपटी’. शेजारी धरले तर फरक जेमतेम दिसतो. मग हे शब्द समानार्थी मानायचे का?

नाही. पोपटी भडकच असतो. फिकट केला की तो पोपटी उरत नाही. सोललेल्या पिस्त्याचा पांढुरका, किंचित पिवळट हिरवा तो पिस्ता. तुमच्या दोन्ही रंगपट्ट्या बहुधा पिस्ताच आहेत, एक जरा गडद. आणि तेवढं ‘फेंट ग्रीन’ बंद करा! इंग्रजीत ‘फेंट’चा अर्थ फिकट असाही आहे, पण फेंट होणं म्हणजे चक्कर येऊन पडणं. ‘फिकट’ने काय घोडं मारलंय?

आता खरी गंमत. या छटा पिवळ्याकडे झुकतात यात नवल नाही, कारण ‘हिरवा’चं मूळच पिवळट आहे. संस्कृत ‘हरि’, ‘हरित’ हे शब्द दोन्ही रंगांना चालतात. ऋग्वेदात सूर्याच्या रथाला ‘हरित’ घोड्या जुंपलेल्या आहेत, त्या काही गवताच्या रंगाच्या नसणार. हळद म्हणजे हरिद्रा, सोनं म्हणजे हिरण्य. सगळी एकाच घरातली मंडळी. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, तर ‘पीतो गौरो हरिद्राभः’ अशी पिवळ्याची नावं सांगून झाल्यावर त्याच ओळीत ‘हरित’ येऊन बसतो. पुढे बघा: संस्कृतात जिथे ‘ह’ तिथे इराणी शाखेत पुष्कळदा ‘ज’. हिरण्याचं अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, ‘जरन्य’. फारसीत ‘जर’ म्हणजे सोनं, ‘जर्द’ म्हणजे पिवळा. म्हणजे जरतारीतली जर, जर्दा, जर्दाळू ही सगळी आपल्या हिरव्याची चुलत भावंडं! माझ्या मते रंगांच्या नावांत याहून देखणी वंशावळ नाही.

‘पिस्ता फारसी, त्याऐवजी हरिताभ म्हणा’ असं सांगणाऱ्या शुद्धिवाद्यांनी आधी गुलाबी आणि किरमिजी सोडून दाखवावेत. ‘हरिताभ’ तर कुठल्याही हिरवटाला चालेल, मग छटा कळणार कशी? शेडकार्डावरच्या ‘पिस्ताचिओ’ला भुलणारेही तसलेच. तो आपल्या पिस्त्याचाच शब्द, ग्रीक, लॅटिन, इटालियन असा हिंडून इंग्रजीत शिरलेला.

हां, भिंत राहिलीच. दोन्ही पट्ट्या दिवसाउजेडी बघा आणि रात्री दिव्याखालीही. पिवळ्या दिव्यात दोन्ही आणखी पिवळ्या दिसतील. रंगाऱ्याला मात्र नाव सांगू नका, कार्डावरचा नंबर सांगा.