बारा जण, एक रात्र, हरिश्चंद्रगड: नियोजन कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातले बारा जण, डिसेंबरातला शनिवार-रविवार, पाठीवर सॅक घेऊन हरिश्चंद्रगडावर एक मुक्काम. चौघं आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर चढणार. व्हिडिओ बघून नळीची वाट मनात भरलीय, तर कशी तयारी करावी?

नळीचं आधी मिटवून टाकतो. नको. बेलपाड्यातून निघालं की कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या सरळ तुटलेल्या कड्याच्या, कुशीतली ती उभी घळ अख्खा दिवस खाते. पायाखाली सुटे धोंडे, मधल्या कातळटप्प्यांना दोर लागतो, आणि वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याच्या डोक्याकडेच येतो. चार नवखे आणि पाठीवर मुक्कामाचं ओझं असताना तिकडे वळूही नका.

राहिल्या दोन वाटा. पाचनईची सोपी, नवख्यांना धरूनही अडीच-तीन तासांत गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोचवते. मुंबईकडून घोटी-राजूरमार्गे, पुण्याकडून आळेफाटा-ओतूर-कोतूळ करत गाडी गावापर्यंत जाते. दुसरी खिरेश्वरहून. तोलार खिंडीतलं व्याघ्रशिल्प, त्यावरचा रेलिंगचा कातळ आणि मग पठारावरच्या त्या संपता न संपणाऱ्या टेकड्या. वाट सुरेख आहे, पण ओझ्यासह पाच-सहा तास धरा. तुम्ही पाचनईनेच चढा आणि पाचनईनेच उतरा. एका बाजूने चढून दुसरीकडे उतरायची हौस असते, पण तेवढ्यासाठी गाडीला अख्ख्या डोंगराला वळसा घालून यावं लागतं. शिवाय कोणाचा पाय मुरगळला तर गाडी ओळखीच्या वाटेच्या टोकाला उभी असलेली बरी.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा लीडर झालो तेव्हा आम्ही चौदा जण होतो, वाट खिरेश्वरची. सकाळी नऊला चढायला लागायचं ठरलेलं, पण वाटेत मिसळ, मग एकाची टोपी, मग दुसऱ्याचा एटीएम असं करत पायथ्यालाच एक वाजला. पठारावर पोचतो न पोचतो तोच अंधार पडला. आमच्यातले पाच जण तुरुतुरु पुढे निघून गेले, मी त्यांच्यात. मागचे नऊ जण बालेकिल्ल्याच्या बाजूला भलत्याच पायवाटेला लागले. मंदिराजवळ बसून आम्ही चूल मांडली तेव्हा कळलं की तांदूळ आमच्याकडे, पण पातेलं मागच्यांच्या सॅकमध्ये. भूक होती म्हणून नव्हे, पातेल्यामुळे आम्हाला मागच्यांची आठवण झाली, हे आजही कबूल करायला लाज वाटते. टॉर्च घेऊन उलटे फिरलो, हाका मारल्या. सगळे सापडायला दोन तास गेले.

तेव्हापासून मी बाकी याद्यांच्या आधी दोन माणसं ठरवतो: पुढचा आणि शेवटचा. पुढच्याला वाट माहीत हवी. शेवटचा तुमच्यातला सगळ्यात दमदार आणि सगळ्यात शांत माणूस हवा, कारण त्याला दिवसभर दुसऱ्याच्या चालीने चालायचंय आणि तोंडावर वैताग दिसू द्यायचा नाही. पुढच्याला कोणी ओलांडायचं नाही, शेवटच्याच्या मागे कोणी राहायचं नाही. प्रत्येक फाट्यावर थांबून डोकी मोजायची. वर मोबाइलला रेंजचा भरवसा नाही, तेव्हा दोघांच्या गळ्यात शिट्ट्या असू द्या. वाट माहीत असलेला कोणी नसेल तर पाचनईतला वाटाड्या घ्या आणि पैशांची घासाघीस करू नका.

वेळेचं गणित मावळतीपासून उलटं मांडा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, साडेसहाला अंधार. उजेडात तंबू लावायचे तर चारला वर हवं, म्हणजे बाराच्या आत पाऊल उचललेलं हवं. दोन वाजून गेले आणि अजून गावातच असाल तर चढू नका, तिथेच कोणाच्या तरी ओसरीवर मुक्काम करा आणि पहाटे निघा. हे घरून निघण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवा. पायथ्याशी सांगायला गेलात तर बारा तोंडांशी वाद होतो.

शिध्याची वाटणी माझ्या पातेल्यावरून ओळखलीच असेल. स्टोव्ह, पातेलं, तांदूळ-डाळ, काडेपेटी हे सगळं एकत्र, लागून चालणाऱ्या दोघातिघांकडे. तंबूचं कापड एकाकडे, काठ्या दुसऱ्याकडे, पण तेही जोडीने चालणारे. खरं सांगायचं तर बाराजणांचा स्वयंपाक वर करण्यात फारसा शहाणपणा नाही. मंदिराजवळ गावकऱ्यांच्या टपऱ्या असतात. आधी फोन करून ठेवला की पिठलं-भाकरी आणि ठेचा गरम मिळतो, आणि चार किलो ओझं वाचतं. एका रात्रीपुरता स्टोव्ह फक्त चहा आणि सकाळच्या पोह्यांना ठेवा.

सॅक आठ-नऊ किलोच्या वर जाऊ देऊ नका. पाणी माणशी तीन लिटर, कारण डिसेंबरात ओढे आटत आलेले असतात. वर टाक्यांत पाणी मिळतं, ते गाळून, उकळून घ्या. थंडीला हसू नका: पठारावर वारा सुटला की पुण्याचा स्वेटर पुरत नाही. स्लीपिंग बॅग, खाली कॅरीमॅट, कानटोपी आणि झोपण्यापुरता एक कोरडा कपड्यांचा जोड, हे प्रत्येकाकडे हवंच. बूट नवे कोरे आणू नका, दोन आठवडे घालून फिरलेले आणा. फार जुनेही नकोत. कपाटात चार वर्षं पडलेल्या बुटाचा तळ उतरताना जिभेसारखा लोंबतो, हे मी दोनदा पाहिलंय. अत्तर-डिओ घरीच ठेवा आणि विडी-सिगारेट बंद, कारण कड्यांना आग्यामोहोळं असतात.

नवख्या चौघांना आधीच्या दोन रविवारी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून सिंहगड चढायला लावा. तिथे कोण कसं चालतं ते कळतं, आणि दोघं आपणहून गळतातही.

गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्कामाला आणि तंबूला सध्या परवानगी आहे का, हे निघण्याआधी गावात फोन करून विचारा. लाकडं तोडून शेकोटी करायची नाही. कोकणकड्यापासून तंबू लांब लावा आणि रात्री लघवीलाही टॉर्च व सोबती घेतल्याशिवाय कोणी उठायचं नाही. कडा पोटावर झोपून बघायचा, उभं राहून नाही. इंद्रवज्राची, म्हणजे दरीतल्या धुक्यात दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याची, आशा डिसेंबरात धरू नका, त्याला पाठीवर ऊन आणि समोर दरीत भरलेलं धुकं लागतं.

रविवारी पहाटे तारामतीवर, गडाच्या सगळ्यात उंच शिखरावर, जा, सुमारे 1430 मीटर उंच आहे. सॅक तंबूपाशी ठेवून एकाला राखणीला बसवा, माकडं चेन उघडतात. परत येऊन केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरून प्रदक्षिणा घाला, मग पोहे, आणि दहाला उतरायला लागा. टपरीवाल्या मावशींचे पैसे रोख द्यायला सुटे न्या.