सप्टेंबरपर्यंत सांगलीत, मग बंगळूरुत: रिटर्न कुठे भरायचे?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीत सप्टेंबर २०२५ पर्यंत दरमहा ९५,००० रुपये पगार होता. ऑक्टोबरपासून बंगळूरुत १,४०,००० आहे. दोन फॉर्म १६ आले, दोन्हींत कर शून्य. रिटर्न महाराष्ट्रात भरू की कर्नाटकात? व्यवसाय कर दोन्हीकडे कापलाय, तो परत मिळेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्राप्तिकर केंद्राचा आहे, त्यामुळे रिटर्न एकच. पत्ता सध्याचा, बंगळूरुचा द्या.

व्यवसाय कर मात्र राज्याचा. एप्रिल ते सप्टेंबर महाराष्ट्रात २०० प्रमाणे १,२००, पुढे कर्नाटकात पाच महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे १,३००. एकूण २,५००. जादा काही गेलेले नाही, परत मिळण्याचा प्रश्न नाही. नव्या करप्रणालीत त्याची वजावटही नाही; जुनीत दोन्ही रकमा दाखवता येतात.

खरी अडचण तुम्ही विचारलेलीच नाही, ती त्या दोन शून्यांत आहे. पहिल्या कंपनीने वर्षाचे ११,४०,००० धरले, दुसरीने फक्त स्वतःचे ८,४०,०००. दोघांनीही ७५,००० ची प्रमाणित वजावट दिली आणि उत्पन्न १२ लाखांच्या आत बसवून कर शून्य करणारी कलम ८७ए ची सवलत लावली. प्रत्यक्षात ५,७०,००० अधिक ८,४०,००० म्हणजे १४,१०,०००. वजावट एकदाच, म्हणून करपात्र १३,३५,०००. नव्या प्रणालीत कर ८०,२५०, उपकरासह ८३,४६०. हा घोळ राज्य बदलल्याने झालेला नाही. सांगलीतच कंपनी बदलली असती तरी झाला असता. रुजू होताना फॉर्म १२बी देऊन आधीचा पगार कळवला असता, तर नव्या कंपनीने कर कापला असता.

आता आगाऊ कर न भरल्याबद्दल कलम २३४बी आणि त्याचे हप्ते चुकल्याबद्दल २३४सी खाली व्याज लागेल. जुलैत भरलेत तर दोन्ही मिळून साधारण साडेसात हजार. त्यातले २३४बी चे दरमहा एक टक्क्याने वाढत जाते, तेव्हा थांबू नका. प्राप्तिकर पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'मध्ये स्वनिर्धारण कर (कोड ३००) निवडा आणि कर निर्धारण वर्ष २०२६-२७ घ्या. सवयीने आर्थिक वर्षाचा आकडा म्हणून २०२५-२६ निवडले, की चलन भलत्या वर्षात जाते आणि मागणीची नोटीस येते.

मग आयटीआर-१ या रिटर्नच्या फॉर्ममध्ये दोन्ही पगारांची बेरीज लिहा. आधीच भरून आलेल्या आकड्यांवर विसंबू नका, पोर्टलवरच्या एआयएसशी (वार्षिक माहिती विवरणाशी) ताडून पाहा. चलनाचा तपशील घाला. मुदत ३१ जुलै. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ई-पडताळणी.