तिकीट फोडू नका, जोडा: मुंबई–कोलकाता–सिकंदराबाद–मुंबई फेरीचं गणित

प्रश्न असा आहे: दोघं जण, स्लीपरने, मुंबईहून जळगाव (अजिंठा), नागपूर, कोलकाता, भुवनेश्वर, सिकंदराबाद करून परत मुंबई. 'तुकड्यातुकड्यांनी तिकिटं काढली की स्वस्त पडतात असं वाचलं. कोणत्या ॲपवर सगळ्यात स्वस्त मिळतील?'

ॲपचा विषय आधी मिटवतो. भाडं रेल्वे ठरवते, ॲप नाही. आयआरसीटीसीवर नॉन-एसी तिकिटाला यूपीआयने १० रुपये, कार्डाने १५ रुपये सुविधा शुल्क आणि वर जीएसटी. हे तिकिटामागे लागतं, माणसामागे नाही. खाजगी ॲप त्यावर स्वतःचं शुल्क चढवतात. म्हणजे ॲप बदलून वाचणार काय, तर एका चहाचे पैसे.

आता तुकड्यांबद्दल. हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. तो इंग्लंडातला आहे आणि तिथे तो बरोबरही आहे. तिथे दोन स्टेशनांमधलं भाडं त्या जोडीपुरतं वेगळं ठरतं, त्यामुळे कधी कधी तुकड्यांची बेरीज थेट तिकिटापेक्षा कमी भरते. आपल्याकडे साध्या मेल-एक्सप्रेसचं भाडं किलोमीटरच्या तक्त्यावरून निघतं आणि तक्ता टेलिस्कोपिक आहे: अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो. तिकीट तोडलंत की प्रत्येक तुकडा पुन्हा पहिल्या, महागड्या किलोमीटरपासून मोजला जातो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, साइटवर मुंबई–नागपूर आणि नागपूर–हावडा स्लीपरचं मूळ भाडं पाहून बेरीज करा, मग त्याच गाडीचं थेट मुंबई–हावडा पाहा.

तुकडे छोटे असतील तर आणखी एक खड्डा आहे, किमान आकारणीचं अंतर. स्लीपरला २०० किमी, थ्री एसीला ३०० किमी, एसी चेअर कारला १५०. मुंबई–पुणे १९२ किमी आहे, पण थ्री एसीचं तिकीट काढलंत तर ३०० किमीचे पैसे देता. तत्काळमध्ये तर कहरच: स्लीपर असो वा थ्री एसी, किमान ५०० किमीचं भाडं, वर तत्काळ शुल्क मूळ भाड्याच्या ३०% (स्लीपरला कमीत कमी १००, जास्तीत जास्त २०० रुपये). तुकड्यांत तिकिटं काढायची आणि ऐन वेळी दोन तुकडे तत्काळने भरायचे, हा पैसे घालवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

'मग थेट तिकीट काढून मध्ये उतरायचं कसं?' ब्रेक जर्नीने. ५०० किमीपेक्षा लांबच्या तिकिटावर एकदा, १००० किमीपेक्षा लांबच्यावर दोनदा उतरता येतं. उतरलात तो दिवस आणि पुन्हा निघालात तो दिवस सोडून दोन दिवस मुक्काम. काउंटरवर फॉर्म भरतानाच थांबा सांगायचा, म्हणजे पुढच्या गाडीचं आरक्षणही त्याच तिकिटावर मिळतं. आरक्षण शुल्क (स्लीपरला २० रुपये) प्रत्येक गाडीला वेगळं, पण मूळ भाडं सलग अंतराचं. उतरल्यावर स्टेशन मास्तर किंवा टीसीकडून तिकिटावर तारीख आणि सहीसकट नोंद करून घ्या. हे न करता बाहेर पडतात आणि पुढच्या गाडीत वाद घालतात, अशी मंडळी दर सुट्टीत दिसतात. राजधानी, शताब्दी, जनशताब्दीत ही सोय नाही. हे सगळं काउंटरच्या कागदी तिकिटाचं बोलतोय.

आणि आता तो नियम, ज्यावर तुमचा सगळा आराखडा अडतो: पहिला थांबा निघाल्यापासून ५०० किमीच्या आत घेता येत नाही.

मुंबई–हावडा नागपूरमार्गे १९६८ किमी. जळगाव साधारण ४२० वर, भुसावळ ४४० च्या आसपास. दोन्ही बाद. नागपूर ८३७ वर, चालेल. म्हणजे अजिंठा तिकिटात बसत नाही. बरं, मुंबई–जळगाव वेगळं काढलं आणि जळगाव–हावडा एक सलग घेतलं तर? आता मोजणी जळगावपासून सुरू होते आणि तिथून नागपूर ४१७ किमी. नागपूरही बाद! रायपूर चालेल, ते जळगावपासून सातशेच्या पुढे आहे. एक जागा पदरात घ्यावी तर दुसरी निसटते. परतीला तेच: हावड्याहून भुवनेश्वर साधारण ४४०, म्हणून हावडा–मुंबई सलग तिकिटावर भुवनेश्वरला पहिला थांबा मिळणार नाही. पण भुवनेश्वरहून सुरू करा, मग सिकंदराबाद अकराशेच्या पुढे आहे, नियमात आरामात बसतं.

याच कारणासाठी तुमच्या फेरीला सर्क्युलर जर्नी तिकीट आहे, आणि ते कोणी सांगत नाही याचा मला राग आहे. निघालात तिथेच परत यायचं, मध्ये जास्तीत जास्त आठ थांबे. भाड्याची रीत अशी: एकूण अंतराचे दोन समान भाग करायचे आणि प्रत्येक भागाला एक सलग प्रवास समजून भाडं लावायचं. तुमची फेरी साधारण ४३०० किमी भरते. म्हणजे २१५०-२१५० किमीची दोन भाडी. तुकड्यांत काढलीत तर सहा तिकिटं, त्यातली तीन जेमतेम चारशे-साडेचारशेची. फरक कुठे पडतो ते दिसतंच. मुदत दर ४०० किमीला प्रवासाचा एक दिवस आणि दर २०० किमीला थांब्याचा एक दिवस, दोन्ही मिळून. महिनाभराची मुदत सहज मिळते.

काढायची रीत: सगळा मार्ग कागदावर लिहून विभागाच्या वाणिज्य कार्यालयात किंवा मोठ्या आरक्षण केंद्राच्या मुख्य पर्यवेक्षकांकडे द्यायचा. ते अंतर आणि भाडं काढून स्टेशनला कळवतात. मग बुकिंगच्या खिडकीवर पैसे भरून तिकीट, आणि ते घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर प्रत्येक गाडीची जागा. आरक्षण आणि सुपरफास्ट शुल्क तिथे वेगळं. ऑनलाइन नाही. दोन-तीन खेपा धरून चला.

अर्जात चुकतं ते 'व्हाया'मध्ये. नुसतं 'मुंबई–हावडा' लिहू नका, कारण हावड्याला प्रयागराजमार्गेही गाड्या जातात. असं लिहा: मुंबई सीएसएमटी – जळगाव – नागपूर – रायपूर – हावडा – भुवनेश्वर – विशाखापट्टणम – विजयवाडा – सिकंदराबाद – वाडी – सोलापूर – पुणे – मुंबई सीएसएमटी. थांब्यांखाली रेघ मारा, बाकी नुसतं व्हाया. सिकंदराबादहून देवगिरी एक्सप्रेसने मनमाडमार्गे यायचा मोह टाळा: मनमाड–मुंबईचा २६० किमीचा पट्टा तुम्ही जाताना केलेला असेल आणि वर्तुळाचं तिकीट काढताना त्यावर हुज्जत होते. सोलापूर-पुण्याकडून या, म्हणजे सामाईक पट्टा फक्त कल्याण–मुंबईचा उरतो. कोलकात्यात येणं आणि निघणं दोन्ही हावड्याचंच ठेवा, शालिमार हे तिथलं दुसरं स्टेशन मध्ये आणू नका. पुरी या तिकिटात घालू नका, तो फाटा आहे; भुवनेश्वरहून साठ-बासष्ट किमी, जनरलचं तिकीट काढा आणि जा.

गाडी निवडताना नंबर बघा. १२, २० किंवा २२ ने सुरू होणारी सुपरफास्ट, स्लीपरला माणशी ३० रुपये जादा. भुवनेश्वर–मुंबई कोणार्क एक्सप्रेसचा नंबर ११०२०, म्हणजे हे ३० लागत नाहीत, आणि ती सिकंदराबाद-सोलापूर-पुणेमार्गेच येते. तुमचे शेवटचे दोन्ही टप्पे त्याच गाडीच्या रस्त्यावर आहेत.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. फेरी वीस दिवसांची असेल तर शेवटच्या गाडीचं आरक्षण उघडेपर्यंत पहिल्या गाडीला चाळीसच दिवस उरलेले असतात आणि ती भरलेली असू शकते. सुट्टीच्या हंगामात सर्क्युलरचं खरं दुखणं हेच. तेव्हा पहिल्या गाडीला साठ दिवस असतानाच तिकीट हातात हवं, आणि पुढची आरक्षणं तारीख उघडेल तशी करत जायची. आणखी खेपा.

हे जमणार नसेल तर कमी त्रासाचा मधला मार्ग: मुंबई–जळगाव एक, जळगाव–नागपूर दुसरं, नागपूर–हावडा तिसरं, हावडा–भुवनेश्वर चौथं आणि भुवनेश्वर–मुंबई पाचवं, सिकंदराबादला ब्रेक घेऊन. यात फक्त शेवटच्या लांब तिकिटाचा फायदा मिळतो, पण पहिली चार घरबसल्या निघतात. अजिंठा सोडायची तयारी असेल तर मुंबई–हावडा नागपूरला ब्रेक घेऊन एकच काढा, तीनचं एक होतं.

तुकडे खरंच बरे पडतात अशाही जागा आहेत, नाही म्हणत नाही. राजधानी-दुरांतोत सप्टेंबर २०१६ पासून फ्लेक्सी भाडं आहे, दर १०% जागा विकल्या की मूळ भाडं १०% चढतं. तिथे टेलिस्कोपिकचा हिशेब कोलमडतो. वंदे भारतचं भाडं वेगळंच. बेत डळमळीत असेल तरी तुकडे बरे: एक टप्पा रद्द केला तर स्लीपरला माणशी किमान १२० रुपये जातात, बाकी तिकिटं शाबूत राहतात. अर्धवट वापरलेल्या सलग तिकिटाचा परतावा मागणं म्हणजे वेगळीच तपश्चर्या.

ऑनलाइन तुकडे काढलेत आणि मध्ये मुक्काम नसून नुसती गाडी बदलायची असेल, तर दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. १ एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा आली आणि दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे कपात न होता मिळतात. अट एवढीच की दोन्हीकडे प्रवाशांची माहिती सारखी हवी, पहिली गाडी जिथे सोडाल तिथूनच दुसरी हवी, आणि पहिली प्रत्यक्ष पोहोचल्यापासून तीन तासांत टीडीआर (परताव्याचा ऑनलाइन अर्ज) भरायचा.

ज्येष्ठ नागरिक असाल तर सवलत धरून हिशेब करू नका, ती मार्च २०२० पासून बंद आहे. आणि परतीला कोकण रेल्वेने यायचं मनात आलं, तर तिथलं अंतर भाड्यासाठी ४०% फुगवून धरतात, ते आधी मोजा.