सिॲटलमध्ये मुलीला घराजवळच्या शाळेत घालावं की ऑप्शन स्कूलसाठी अर्ज करावा?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: मुलगी ३१ ऑगस्टच्या आत पाच वर्षांची होते, म्हणजे सप्टेंबरपासून किंडरगार्टन. पत्त्यावरून मिळालेली शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, पण वेबसाइटवर तिला दहापैकी पाचच गुण आहेत. ऑफिसातले लोक म्हणतायत, ऑप्शन स्कूलचा, म्हणजे पत्त्यावरून न मिळता अर्ज करून मिळणाऱ्या सरकारी शाळेचा, फॉर्म भरा नाहीतर पस्तावाल. तुम्ही दोघंही नोकरीला, पुण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालंय आणि इथे जवळचं असं कुणी नाही.

माझी दोन्ही मुलं सिॲटलच्या सरकारी शाळांमधूनच शिकतायत. मोठा घराजवळच्या शाळेत गेला, धाकटी ऑप्शन स्कूलमध्ये आहे. तुमच्या परिस्थितीत मी घराजवळच्या शाळेकडे झुकेन. ऑप्शन स्कूलचा विचार करायचाच, तर तिथली शिकवण्याची पद्धत तुमच्या मुलीच्या स्वभावाला मानवणारी आहे म्हणून करा. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी ती धावपळ अंगावर घेऊ नका.

आधी नियम. तुमच्या पत्त्याची शाळा, म्हणजे अटेंडन्स एरिया स्कूल, तिथली जागा तुमच्या मुलीचीच आहे. ऑप्शन शाळांना अशी हद्द नसते. हिवाळ्यातल्या ओपन एनरोलमेंटमध्ये पसंतीक्रम भरायचा. आधी तिथे शिकणाऱ्या मुलांच्या भावंडांना जागा मिळते, मग शाळेभोवतीच्या ठरावीक पट्ट्यातल्या मुलांना, त्याला जिओझोन म्हणतात, आणि उरलेल्यांसाठी लॉटरी. नंबर लागला नाही तर घराजवळची शाळा आहेच, त्यामुळे अर्ज केल्याने काही बिघडत नाही. मात्र नंबर लागला की तुमची जागा तिकडे जाते. म्हणून जिथे खरोखर पाठवाल तीच नावं भरा. ‘बघू तरी लागतं का’ म्हणून भरलेल्या नावानं नंतर घराघरांत वाद झालेले मी पाहिलेत.

ऑप्शन म्हणजे वरच्या दर्जाची शाळा, हा समज आपल्या लोकांत फार पक्का आहे. प्रवेशपरीक्षा आणि गुणवत्तायादीच्या वातावरणातून आल्यावर तसं वाटणं साहजिक आहे, पण या शाळांचा उगमच वेगळा आहे. सत्तरच्या दशकात काही पालक आणि शिक्षक चाकोरीतल्या वर्गांना कंटाळून डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शहराच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, आतच वेगळ्या पद्धतीचे वर्ग चालवू लागले. आज ज्या शाळेला थॉर्नटन क्रीक म्हणतात तिचं जुनं नाव अल्टरनेटिव्ह एलिमेंटरी नंबर दोन असं होतं. ईस्टलेकमधली टॉप्स, बॅलर्डमधली सॅमन बे, वेस्ट सिॲटलमधली पाथफाइंडर, कोलंबिया सिटीतली ऑर्का या सगळ्या किंडरगार्टनपासून आठवीपर्यंतच्या. कुठे एकच विषय कित्येक आठवडे धरून, बाहेर हिंडून शिकवतात, कुठे कलेवर भर, कुठे विज्ञानावर. वॉलिंगफर्डमधल्या जॉन स्टॅनफर्ड इंटरनॅशनलमध्ये निम्मा दिवस स्पॅनिश किंवा जपानीतून शिकवतात.

दुसरा धागा शहराच्या इतिहासाचा. १९७८पासून सिॲटलने कोर्टाचा आदेश नसताना स्वतःहून मुलांना बसनं शहराच्या दुसऱ्या भागात पाठवून शाळांमधली वर्णवार विभागणी मोडायचा प्रयत्न केला. पुढे ते मागे पडून पालकांच्या पसंतीची पद्धत आली. हायस्कूलच्या प्रवेशात वर्ण हा निकष लावण्यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००७ साली पाच विरुद्ध चार मतांनी तो निकष रद्द झाला. त्यानंतर डिस्ट्रिक्टने नवी योजना आखली आणि २०१०पासून पत्त्याप्रमाणे शाळा ही पद्धत पुन्हा रुळली. घरांच्या किमती आणि शाळांचे गुण एकमेकांना का चिकटलेले असतात, ते यातून कळतं.

त्या पाच गुणांबद्दल. राज्याच्या परीक्षा तिसरीपासून सुरू होतात. म्हणजे तो आकडा मोठ्या मुलांच्या परीक्षेतून आलेला आहे, किंडरगार्टनच्या बाईंबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि परीक्षेतले गुण घरच्या उत्पन्नाशी आणि मुलाला इंग्रजी किती दिवसांपासून येतं याच्याशी घट्ट बांधलेले असतात. ज्या शाळेत सोमाली, अम्हारिक, व्हिएतनामी, स्पॅनिश बोलणारी मुलं भरपूर आहेत तिचा आकडा खाली येणारच. माझ्या मुलाच्या शाळेचाही असाच मध्यम होता. त्याला वाचायला शिकवलेल्या बाई रोज चार-पाच मुलांना अर्धगोल टेबलाशी घेऊन, बोट ठेवून, एकेक आवाज सुटा करून घ्यायच्या. तो अडखळला की त्याची चूक बाई न सांगता त्यालाच सापडेपर्यंत थांबायच्या. त्याची नोंद कुठल्याही वेबसाइटवर नाही.

आता ज्या गोष्टीकडे नवे आलेले लोक लक्ष देत नाहीत ती सांगते. शाळेच्या फॉर्मवर आईवडिलांखेरीज इमर्जन्सी कॉन्टॅक्ट विचारतात. गावातलाच माणूस हवा, जो मुलाला घेऊन जाऊ शकेल. पुण्यात ही ओळ आपण डोळे मिटून भरली असती: आजी, आत्या, शेजारच्या काकू. इथे त्या ओळीपाशी पेन थांबतं. ती भरून निघते शाळेच्या आवारातच. सुट्टीनंतर मुलं घसरगुंडीवर असतात तेव्हा पालक उभे असतात, रोज तेच चेहरे. मुलाला ताप आला म्हणून शाळेतून फोन आला आणि मी पुलाच्या पलीकडे मीटिंगमध्ये अडकलेले, अशा वेळी त्याला घरी नेऊन सोफ्यावर झोपवलं ते त्याच्या वर्गातल्या एका इथिओपियन मुलाच्या आईनं. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. आज त्या फॉर्मवर माझं नाव त्यांच्याकडे आणि त्यांचं माझ्याकडे आहे. ऑप्शन स्कूलमध्येही मैत्री होते, धाकटीच्या शाळेतले पालक फार जिव्हाळ्याचे आहेत, पण तिची जिवलग मैत्रीण गाडीनं पंचवीस मिनिटांवर राहते. खेळायला बोलवायचं तर दोन कॅलेंडरं जुळवावी लागतात. मोठा मात्र चपला सरकवून मित्राकडे पळतो.

वेळापत्रकही लिहून बघा. इथल्या बऱ्याच प्राथमिक शाळा सकाळी ७:५५ला भरतात आणि दुपारी २:२५ला सुटतात, काही ८:५५ ते ३:२५. दर बुधवारी सगळ्याच सव्वा तास लवकर सुटतात. दोघं नोकरीला असाल तर उरलेली दुपार आफ्टर-स्कूल केअरवर चालते, आणि शाळेच्या इमारतीतल्या त्या वर्गांना मोठ्या वेटिंग लिस्ट असतात. ऑप्शन स्कूलला बस असली तरी ठरावीक भागापुरतीच, आणि ते नियम बदलत राहतात, म्हणून तुमचा पत्ता देऊन वाहतूक विभागालाच विचारा. नोव्हेंबरच्या पावसात, अंधार असताना, शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलीला सोडून ऑफिसला पोचायचं आहे, हे दोघांनी समोरासमोर बसून बोला. एकानेच ते ओढायचं ठरलं तर ते एक म्हणजे बहुतेक वेळा आईच असते.

मग मी धाकटीला का पाठवलं? ती मुळात गप्प. एखादी गोष्ट हातात घेतली की तासन् तास त्यातच. वीस मिनिटांनी ‘आता वह्या बंद, पुढचा विषय’ झालं की तिला रडू फुटायचं, प्रीस्कूलमध्येच ते दिसत होतं. तिच्या शाळेत दोन इयत्तांची मुलं एका वर्गात बसतात, एकच विषय महिनाभर चालतो, शिक्षकांना नावानंच हाक मारतात आणि प्रगतिपुस्तकात आकड्यांपेक्षा वर्णन जास्त असतं. तिला ते मानवलं. मोठ्याला तिथे घातलं असतं तर तो भरकटला असता. त्याला आज काय, उद्या काय, हे फळ्यावर लिहिलेलं लागतं. एकाच घरातली दोन मुलं, म्हणून सांगते की शाळेआधी मुलीकडे बघा.

दोन्ही शाळा बघून या, शक्य असेल तर वर्ग चालू असताना. मुख्याध्यापकांच्या स्लाइड्सपेक्षा भिंतींकडे बघा. सगळ्या मुलांची चित्रं एकसारखी आहेत का, की प्रत्येकाचं वेगळं? जे मूल बाजूला बसलंय त्याच्याजवळ कोण जातं? वाचन कसं शिकवता, असं सरळ विचारा. अक्षर-आवाजांची क्रमवार ओळख करून देतो, असं उत्तर आलं तर बरं. काही शिक्षक मध्येच निघून जातात, गेल्या दोन-तीन वर्षांत किती गेले, हेही विचारा. आणि पालकांकडून किती वेळ अपेक्षित आहे ते नक्की विचारा, कारण ऑप्शन शाळांचा बराच डोलारा दिवसा येऊ शकणाऱ्या पालकांच्या जिवावर उभा असतो.

मराठीचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. नोंदणीच्या वेळी घरची भाषा विचारणारा फॉर्म असतो. तिथे मराठी लिहिलं तर मुलीची इंग्रजीची चाचणी होते, म्हणून आपल्यातले पुष्कळ जण घाबरून ‘इंग्लिश’ लिहितात. कृपा करून खरं लिहा. मदतीची गरज निघाली तर ती फुकट मिळते, नको असेल तर नाकारता येते, आणि घरी मराठी बोलल्यानं तिचं काहीही नुकसान होत नाही. स्पॅनिश किंवा जपानीच्या वर्गात घालायची इच्छा असेल तर जरूर घाला, मुलं तीन भाषा सहज पेलतात. पण मग मराठी घरच्या आणि शनिवार-रविवारच्या वेळेतून जगवावी लागेल, आणि तो वेळ आधी राखून ठेवा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा या देशात ठिकठिकाणी चालतात, तुमच्या भागातल्या मंडळाला विचारा. आजीशी फोनवर बोलता न येणारी, पण झकास स्पॅनिश बोलणारी नात, हे मला व्यक्तिशः दुखतं.

शेवटचा मुद्दा टिकाऊपणाचा. २०२४मध्ये पैशांच्या तुटीपायी डिस्ट्रिक्टने आधी वीसेक प्राथमिक शाळा बंद करायचं जाहीर केलं, सप्टेंबरमध्ये १७ किंवा २१ शाळांच्या याद्या आल्या, त्यात आठवीपर्यंतच्या ऑप्शन शाळाही होत्या. पालक रस्त्यावर उतरले, ऑक्टोबरमध्ये यादी चार शाळांवर आली आणि नोव्हेंबरमध्ये तीही मागे घेतली. तूट मात्र गेलेली नाही. शिवाय ऑक्टोबरमध्ये पटसंख्या मोजून शिक्षक इकडचे तिकडे केले जातात, तेव्हा महिनाभरात लळा लागलेल्या बाई बदलू शकतात. ते घराजवळच्या शाळेतही होतं. हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गांचं धोरणही वर्षानुवर्षं हलतंय, त्याच्या भरवशावर घर किंवा शाळा निवडू नका.

तुम्ही मुलीच्या स्वभावाबद्दल एकच वाक्य लिहिलंय, की ती कुणाशीही पटकन बोलते आणि नवं घर तिला लगेच आवडलं. अशी मुलगी चालत जायच्या शाळेत फुलेल, आणि तिच्या ओळखीनं तुमच्याही ओळखी होतील. तरीही जिओझोनमध्ये येणारी एखादी ऑप्शन शाळा असेल आणि बघून आल्यावर दोघांनाही भावली, तर पसंतीत ती एकच भरा. निकाल काहीही लागो, घराजवळच्या शाळेतली आफ्टर-स्कूल केअर कोण चालवतं ते या आठवड्यातच शोधून वेटिंग लिस्टमध्ये नाव घाला. ती यादी प्रवेशाच्या निकालासाठी थांबत नाही.