कॉल सेंटरचा कोर्स घेतलायस तर हे बघ

पुस्तक पाठ करत बसू नकोस. या कोर्समध्ये रोजच्या कामातले पुरावेच जास्त मागतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यापासून फाईल लाव. त्यात ग्राहकाचं नाव आणि मोबाइल नंबर काळ्या पेनाने खोडलेला हवा, नाहीतर तपासणारे परत पाठवतील.

आकडेमोडीला घाबरू नकोस. सरासरी हाताळणी वेळ म्हणजे एका कॉलमागे सरासरी बोलणं, होल्ड आणि नंतरची नोंद यांच्या वेळांची बेरीज. २४० अधिक ३० अधिक ६०, झाले ३३० सेकंद, साडेपाच मिनिटं. सर्व्हिस लेव्हल ८०/२० म्हणजे ८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलणं. एवढं नाशिकरोड ते सीबीएस सिटीलिंक बसमध्ये बसल्या बसल्या होतं. (उभं राहावं लागलं तर नाही!)

खरी मेख नोंदीत आहे. 'ग्राहक चिडले, समजावलं' असली नोंद काय कामाची? 'बिलाचे पैसे दोनदा कापले, रिफंडची विनंती टाकली, उद्या ५ पर्यंत फोन करायचा' असं लिही. पुढच्या शिफ्टवाल्याला ग्राहकाकडून पुन्हा सगळी कहाणी ऐकावी लागता कामा नये. आणि वेळ वाचवायला होल्ड न सांगता टाकू नकोस, 'दोन मिनिटं थांबता का?' म्हण, मगच टाक. दोन मिनिटांत परत ये मात्र, उत्तर सापडलेलं नसलं तरी.